अठ्ठेचाळिसावी विहीर

यल्लूनाना विटकर निर्जन बेटावर येऊन पडले ते एका सोमवारी सकाळी साडेदहाला, चहा-बिस्किट झाल्यावर. जहाज फुटलं होतं म्हणे. आता आटपाडीच्या माळावर बासष्ट वर्षं काढलेल्या माणसाला कुठलं आलंय जहाज? समुद्र त्यांनी पाहिला होता तो कॅलेंडरावर. पण डोक्यावर तारांची टोपी होती, उजव्या हातात कोपरापर्यंतचा जाड मोजा होता आणि समोरच्या भिंतभर पडद्यावर निळंशार पाणी होतं. त्यातून एक बाई मंजूळ आवाजात सांगत होती, "या बेटावर तुम्ही एकटे आहात. तुम्हाला जगायचं आहे आणि इथून सुटायचं आहे."

"त्येच्यासाठीच तर आलोय की बाई," नाना पडद्याला म्हणाले.

मागं खुर्चीत बसलेल्या त्यांच्या बायकोला, शेवंताबाईंना, तोंडाला पदर लावावा लागला. महिन्याभरात त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

साल होतं दोन हजार एक्केचाळीस. बोअर मारण्यावर बंधनं आल्यापासून आमच्या दुष्काळी भागात हातानं खणलेल्या विहिरींना पुन्हा दिवस आले होते, आणि नानांनी आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. सत्तेचाळीस विहिरी, एकही कोरडी नाही. हे ते कुणी न विचारताही सांगत, आणि एकदा सांगून थांबत नसत. पद्धत ठरलेली. नाना तळाशी, शेवंताबाई काठावर. माती ओढायला पुढं मोटार आली, पण खुणेची दोरी वेगळी असायची. तिचं एक टोक नानांच्या हाताशी आणि दुसरं शेवंताबाईंच्या मनगटाला बांधलेलं. तीस हात खालची हाक वाऱ्यात वर पोचत नाही. दोरीचे दोन हिसके बरोबर पोचतात. दोन हिसके म्हणजे "ओढ". चाळीस वर्षं हाच व्यवहार.

अठ्ठेचाळिसाव्या विहिरीत एका दुपारी हिसके आले नाहीत. शेवंताबाईंनी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मग जी बोंब ठोकली ती दोन शेतं ओलांडून गेली. माणसं खाली उतरली तेव्हा नाना भिंतीला टेकून बसलेले, दोरी मांडीवर, आणि तिच्याशेजारी उजवा हात नुसता पडलेला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेवर मिरजेला नेलं म्हणून माणूस वाचला. पाय लंगडत का होईना चालायला लागला. बोलणं तर सगळ्यात आधी परत आलं. "त्येवढं जरा उशिरा आलं असतं तरी चाललं असतं," असं शेवंताबाई म्हणायच्या. हात मात्र आला नाही.

आणि नानांनी एक नवंच खूळ डोक्यात घेतलं. बायकोचा आधार घ्यायचा नाही. खुर्चीतून उठताना तिनं हात पुढं केला की ते झटकन मान फिरवायचे. दोनदा पडले, पण हात धरला नाही. शेवंताबाईंना याचं फार लागायचं. हात लुळा पडला त्यापेक्षा हे जास्त लागायचं.

या पुनर्वसन केंद्रातली फिजिओथेरपिस्ट शबाना मुलाणी ही सांगोल्याची पोरगी. बोलणं रोखठोक, हाताला गुण. पहिल्याच दिवशी तिनं नानांना सगळं समजावून सांगितलं होतं.

"नाना, तुमच्या हातात काही बिघाड नाही. हाताला हुकूम देणारी मेंदूतली जागा मेली आहे. पण शेजारची जागा ते काम शिकू शकते. शिकवायचं कसं? हात स्वस्थ असतो तेव्हा त्याचा कारभार बघणारा मेंदूचा भाग एका लयीत गुणगुणत असतो, सेकंदाला दहा-बारा वेळा. हात हलवायचं मनात आलं की ती गुणगुण थांबते, हात हलायच्याही आधी. ही टोपी तेवढंच ऐकत बसते. गुणगुण थांबली की मोज्यातल्या मोटारी त्याच क्षणी तुमची बोटं मिटवतात. बोटं आपणहून हलली तर मात्र मोटारी गप्प राहतात, मोजा नुसती नोंद करतो. इकडं मनात आलं आणि तिकडं हात हलला, असं हजारो वेळा घडलं की शेजारच्या जागेला कळतं, अरे, हे काम आता आपलं."

"मग ह्यो खेळ कशाला? नुस्तंच मनात आणतो की."

"दिवसाला आठशे वेळा आणाल? चौथ्या दिवशी पळून जाल तुम्ही. म्हणून बेट. शिंपले वेचा, नारळ फोडा, चूल पेटवा, पाणी शोधा, तराफा बांधा आणि सुटा. खेळता खेळता आठशे होतात."

शेवटी तिनं अटही सांगितली. झटक्यानंतरचे पहिले काही महिने मेंदू ओल्या मातीसारखा असतो, तेव्हाच शिकतो. यंत्र बारा आठवडे मिळतं. पण रांगेत एकतीस जण आहेत. आलेख सलग तीन आठवडे चढला नाही, तर यंत्र पुढच्या माणसाला जातं.

"आमचा चढंल," नाना म्हणाले.

आणि चढला की! पहिल्या आठवड्यात शिंपले, दुसऱ्यात नारळ. तिसऱ्यात नानांनी काटक्या घासून चूल पेटवली आणि शेजारच्या खोलीतले पेशंट बघायला आले. मोज्यातली बोटं मिटत होती, उघडत होती. नाना पडद्यातल्या बाईशी भांडत होते, खेकड्यांना शिव्या देत होते. चौथ्या आठवड्याच्या शेवटी शबानानं आलेख दाखवला तर तो चांगला डोंगर चढल्यासारखा.

मग आलं पाणी.

"पहाटे पानांवर साचलेलं दव शिंपल्यात गोळा करा," पडद्यातली बाई म्हणाली.

"काय?" नाना कडाडले. "दव चाटून ऱ्हायाचं? मी? आगं बाई, विटकर हाय मी!"

आणि त्यांनी खणायला सुरुवात केली. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात विहीर नव्हतीच. पण त्यांनी बेटाला खऱ्या जगाचे सगळे नियम लावले होते. वाळू ढासळायची, ऊन तापायचं, खोदलं तर खड्डा पडायचा. नानांनी बेटाच्या मध्यावर जागा धरली. हातभर खाली ओल लागली, जरा आणखी गेल्यावर पाणी झिरपलं.

"लागलं की हो!" शेवंताबाई पुढं सरकल्या.

"ह्यॅ! वरचं पानी हाय. ह्येला भुलायचं न्हाय." हा नानांच्या बापाचा धडा. आमच्या भागातल्या काळ्या पाषाणात वरवर झिरपणारं पाणी फसवं असतं, होळीच्या आत आटतं. खरं पाणी खडकाच्या खाली. वरच्या पाण्यावर जो थांबला तो विहीरवाला नव्हे. नाना खाली गेले. दात आवळून, मान ताठ करून, जन्मभराचा जोर लावून गेले.

दहा हातांवर भरपूर पाणी लागलं. पडद्यावर अक्षरं उमटली, "खारट."

"म्हंजी अजून खाली जायाला पायजे."

खाली आणखी खारट. जागा बदलली, तिथंही खारट. तिसरी खणली. बेटावरच्या नानांचे ओठ फुटले, त्यांना भोवळ यायला लागली; नारळाच्या पाण्यावर कसंबसं निभत होतं. आणि जितका नाना जोर लावत होते तितका मोजा गप्प राहायला लागला. कारण जोर लावला की मेंदूचा धड राहिलेला अर्धा भाग मध्ये लुडबुड करतो, खांदा-मान-जबडा सगळं आवळलं जातं, आणि त्या गोंगाटात गुणगुण थांबल्याचं टोपीला ऐकूच येत नाही. पाचव्या आठवड्यात आलेख आडवा झाला, सहाव्यात खाली वाकला. सातव्याच्या मंगळवारी शबानानं दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून स्पष्टच सांगितलं.

"शुक्रवारी आढावा आहे. आलेख असाच राहिला तर सोमवारी यंत्र दुसऱ्याला जाईल. मी हातापाया पडले तरी थांबायचं नाही. नाना, विहिरीचा नाद सोडा, दव गोळा करा. पाणी मिळालं म्हणजे झालं!"

"सत्तेचाळीस हिरी..."

"ठाऊक आहे मला सत्तेचाळीस!"

ती आत निघून गेली. नाना उठायला गेले. बाक बुटका, डावा हात टेकायला जागा नाही. शेवंताबाईंनी हात पुढं केला, नानांनी मान फिरवली, आणि ते धाडकन परत बाकावर आपटले. तेव्हा शेवंताबाईंचा बांध फुटला.

"धरा की वो हात! चाळीस वर्सं तुमाला वर ओढलं म्या. तवा न्हाय लाज वाटली ती?"

"तवा मी खूण करत हुतो," नाना खाली बघत म्हणाले. "त्या दिशी बी करायची हुती. दोरी मांडीवर हुती, शेवंते. हात जाईना तिच्यापत्तुर. तू वर हायेस ह्ये ठावं हुतं मला. वाट बघत असशील. पर हात जाईना." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "आता खूण केल्याबिगर तू मला ओढणार, जन्मभर? तसला भार न्हाय व्हायचं मला."

शेवंताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं नानांचेही पुसले.

शबाना आत गेली होती ती रागानं, पण तिचंही मन खात होतं. खेळ प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतो. तिनं पाण्याच्या टप्प्याच्या नोंदी पहिल्यापासून चाळायला घेतल्या, आणि चाळता चाळता उठून उभी राहिली. हातभर-दीड हातावर पाणी झिरपलं होतं, त्याच्यापुढं खेळानं बारीक अक्षरांत एक शब्द लिहिला होता, "गोडं." नाना ते न बघता खाली गेले होते. तीनही विहिरींत तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काचेचा ग्लास आणला, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतून चांगलं तीन चमचे मीठ विरघळवलं. मग नानांचा बिनसाखरेचा कोरा चहा गार करून चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश वर सोडला. चहा खाली गेलाच नाही. मिठाच्या पाण्यावर तांबूस थर होऊन तरंगत राहिला.

"हा चहा म्हणजे बेटावर पडलेलं पावसाचं पाणी. खालचं ते समुद्राचं, जड. बेट म्हणजे सगळी वाळू, तुमच्याकडच्यासारखा पाषाण नाही. समुद्र खालून आत शिरलेला असतो आणि गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं त्याच्यावर तरंगत असतं." तिनं नळी दिली. "वरचं प्या."

नानांनी नळी थरात धरून ओढली. "च्या."

"आता तळाला घाला."

नानांनी ओढलं आणि तोंड असं वाकडं केलं की शेवंताबाई पुन्हा हसल्या. वरचा चहाही ढवळून गढूळ झाला होता.

"म्हंजी..." नाना ग्लासाकडं बघत राहिले. "गोडं पानी मीच फोडून खाली गेलो?"

"तीन वेळा."

नाना गप्प झाले. यल्लूनाना विटकर गप्प बसलेत असं दृश्य फार थोड्यांनी पाहिलंय. शेवटी म्हणाले, "बा चुकला न्हाय. बाची जमीन येगळी हुती." आणि थोड्या वेळानं, "पोरी, पन ह्या सायीला जोरानं हात लावला तर फाटंल की."

"तेच तर गेले सात आठवडे सांगतेय, नाना! हलक्या हातानं. मनात नुसतं आलं तरी पुरतं. हाताचंही तसंच आहे."

"मग उथळ खणायची. पर रुंद." नाना एकदम खुर्चीत सावरून बसले. डोळ्यांत धंद्याची चमक आली. "रुंद म्हंजी वाळू लई निघणार. दुरडी वर घ्याया मानूस लागंल. ह्या तुमच्या बेटावर येकटाच का सोडलाय मला? हीर येकट्याची नसती."

नातेवाइकांसाठी हातात धरून खेळायची दुसरी मूठ कपाटात होती. आजवर कुणी मागितलीच नव्हती. शबानानं ती शेवंताबाईंच्या हातात दिली. पडद्यावर लाटेतून एक बाई चालत आली, काष्टा घातलेली, आणि वाळूवर उभी राहिली.

"पोचले बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "काय सावली न्हाय का हितं?"

बुधवार गेला, गुरुवार गेला. नाना खड्ड्यात उतरून वाळू सावडत होते, ढोसून नव्हे, दुधावरची साय काढावी तसे. जबडा सैल, खांदे सैल. ध्यान वाळूवर. वर शेवंताबाई दुरडी ओढायच्या, ओतायच्या, परत सोडायच्या. मध्येच म्हणायच्या, "कडा ढासळतीया, पाल्याचा आधार द्या," आणि नाना आधार द्यायचे. मोजा परत बोलायला लागला. शबाना मागं उभी राहून आकडे बघत होती आणि श्वाससुद्धा जपून घेत होती.

शुक्रवारी सव्वाअकराला वाळू ओलावली. मग खड्डाभर पसरट पाणी हळूहळू साचलं. पडद्यावर अक्षरं आली, "गोडं." नानांनी ती या खेपेला वाचली. दुरडी भरून तयार होती, आणि बेटावरही खुणेची दोरी बांधायला शेवंताबाई विसरल्या नव्हत्या. नानांनी काही ठरवलं नाही, काही ताकद लावली नाही. दुरडी भरली की जे करायचं ते चाळीस वर्षं केलं होतं, तेच केलं.

पडद्यावर दोरी दोनदा हलली.

शेवंताबाई ओढायला लागल्यासुद्धा. ओढता ओढता त्यांचे हात थांबले. त्या पडद्याकडं नव्हे, नानांच्या मांडीवरच्या मोज्याकडं बघत होत्या.

"नाना," शबाना म्हणाली. "मोज्याच्या मोटारी फिरल्याच नाहीत. इथं शून्य लिहिलंय. दोन्ही वेळा शून्य."

"म्हंजी?"

"म्हणजे हात तुम्ही हलवला."

नाना मोज्याकडं बघत होते. मग त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि लहान पोरासारखे हमसून रडले. शबानाही रडली, आणि मग स्वतःलाच रागावून आढाव्याचा कागद भरायला बसली. शेवंताबाईच तेवढ्या सावध होत्या. "आवं, पानी लागलंय. नारळ फोडायचा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. पाणी लागलं की विहिरीवर नारळ फुटलाच पाहिजे, आणि बेटावर दुसरं काही नसलं तरी नारळ पोत्यानं होते. त्यांनी स्वतःच फोडला. खेळाला त्याचे गुण कसे द्यायचे ते कळेना, म्हणून त्यानं दिलेच नाहीत.

यंत्र गेलं नाही. पुढचे पाच आठवडे आलेख हळू, पण चढत राहिला. जादू वगैरे काही झाली नाही. अंगठा आणि दोन बोटं आली, मनगट अर्धं आलं, करंगळी अजून रुसलेलीच. कुदळ धरायचा हात काही आता होणार नाही, हे शबानानं सरळ सांगितलं आणि नानांनी सरळ ऐकलं. तराफा बाराव्या आठवड्यात तयार झाला. निघायच्या आधी नानांनी विहिरीवर झावळ्यांचं झाकण घातलं आणि काठावर करवंटी पालथी ठेवली.

"पोरी, ह्ये बेट पुसून टाकू नगंस. पुढचा जो कोण येईल त्याला पानी ऱ्हाऊ दे."

"त्याला खणायची सवय व्हायला नको का?"

"त्यो खणंल. पर पयल्या दिशी तहानेला असंल ना."

शबानानं बेट तसंच ठेवलं. पुढची पेशंट कोल्हापूरची एक शिक्षिका होती. पहिल्याच दिवशी तिनं झाकण उचललं आणि विचारलं, हे कुणी केलं?

पण हे सगळं पुढचं. शेवटच्या दिवशी नाना आणि शेवंताबाई त्याच बुटक्या बाकावर गाडीची वाट बघत बसले होते. अठ्ठेचाळिसावी विहीर अर्धीच होती. आता पुतणे खाली उतरणार होते आणि काठावर दोघंही बसणार होते.

"म्या वर बसून काय करायचं?" नाना कुरकुरले.

"माज्यावानी. गप बसायचं आन दोरीकडं ध्यान ठिवायचं. जमंल का?"

"बसणं जमंल. गप ऱ्हायाचं सांगता येत न्हाय."

गाडी आली. शेवंताबाई पिशव्या घेऊन उठल्या, दोन पावलं पुढं गेल्या. या खेपेला त्यांनी हात पुढं केला नाही. इतक्या वेळा झिडकारल्यावर कोण करणार? आणि मागून त्यांच्या पदराला ओढ बसली. बारीकशी. मग आणखी एकदा.

त्या वळल्या. नाना बाकावरच होते, वर बघत होते. पदराचं टोक उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धरलेलं होतं.

शेवंताबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि ओढलं.